ग्रीनलंडच्या बर्फातली उडी

कोपनहेगनच्या उत्तरेला अ‍ॅलेरॉड नावाचं गाव आहे. तिथल्या वीटभट्टीसाठी माती काढायच्या खाणीत विसाव्या शतकाच्या आरंभी हार्ट्झ आणि मिल्थर्स या दोन डॅनिश भूशास्त्रज्ञांना तीन थर एकावर एक बसलेले दिसले. तळाच्या चिकणमातीत ड्रायसची पानं होती. ड्रायस म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या उघड्या, गारठलेल्या माळांवर वाढणारं बुटकं फुलझाड. त्यावर काळपट, सेंद्रिय थर होता आणि त्यात उबदार हवेत वाढणाऱ्या झाडांच्या खुणा होत्या. त्याच्याही वर पुन्हा चिकणमाती आणि पुन्हा ड्रायसची पानं. १९०१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्थ उघड होता. हिमयुग ओसरू लागलं, झाडं आली, आणि मग थंडी उलटून परत आली. आज आपण या परतलेल्या थंडीचा काळ साधारण १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा मानतो.

ही थंडी आली किती वेगानं आणि गेली किती वेगानं, हे मात्र मातीला सांगता येत नव्हतं. शतकानुशतकांचा गाळ तिथे काही हातांच्या जाडीत दबलेला असतो. पुढची साठ-सत्तर वर्षं बहुतेक जाणकार धरून चालले होते की असे बदल व्हायला हजारो वर्षं लागतात. या समजुतीला भक्कम आधारही होता. सर्बियाच्या मिलुटिन मिलानकोविच यांनी पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात होणाऱ्या फेरफारांशी हिमयुगांची सांगड घातली होती, आणि हे फेरफार २०, ४० हजार, लाख वर्षांच्या चालीनं होतात. ज्या हिमस्तरांना वाढायला-वितळायला युगं लागतात, त्यांच्या तालावर हवामानही संथच चालणार, असं मानणं तर्काला धरून होतं. हा तर्क बर्फानं मोडला. बर्फावर विश्वास बसायला मात्र पाव शतक लागलं, आणि मला या सगळ्या कथेत तेच पाव शतक सगळ्यांत मोलाचं वाटतं.

१९५२च्या जूनमध्ये कोपनहेगनमध्ये पावसाची झड लागली. विली डान्सगार्ड तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि विद्यापीठात त्यांच्या ताब्यात मास स्पेक्ट्रोमीटर होता. अणूंना वजनानुसार वेगळं करणारं हे यंत्र. त्यांनी घराच्या हिरवळीवर बिअरच्या रिकाम्या बाटलीत नरसाळं खोचून ठेवलं आणि पावसाचे नमुने एकामागून एक गोळा केले. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन बहुतांशी १६ वजनाचा असतो; साधारण पाचशेत एक रेणू १८ वजनाचा, जड ऑक्सिजनचा. ढग थंड होत जातो तसे जड रेणू आधी गळून पडतात. म्हणजे जितक्या थंड हवेतून पाऊस किंवा बर्फ पडेल, तितका त्यात जड ऑक्सिजन कमी. त्या एका झडीतच डान्सगार्डना ढगांची उंची बदलेल तसं हे प्रमाण बदलताना दिसलं. १९५४ साली त्यांनी लिहिलं की हे खरं असेल तर ग्रीनलंडच्या जुन्या बर्फात जुन्या काळाचं तापमान वाचता येईल. फक्त जुना बर्फ हाती लागायला हवा होता.

तो अमेरिकी सैन्यानं काढला, वेगळ्याच कारणासाठी. शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९५९-६० मध्ये, वायव्य ग्रीनलंडमध्ये बर्फाच्या पोटात कॅम्प सेंच्युरी नावाचं ठाणं खोदलं गेलं. छत घातलेले खंदक, त्यांत राहायच्या खोल्या, दवाखाना, आणि वीज पुरवायला छोटी अणुभट्टी. वरवर हे संशोधनाचं ठाणं होतं. आतून बर्फाखालच्या बोगद्यांत अण्वस्त्रं लपवायच्या योजनेची ती चाचणी होती, हे १९९०च्या दशकात उघड झालं. बर्फ सतत सरकत होता, खंदकांच्या भिंती आवळत चालल्या होत्या, आणि ती योजना बारगळली. पण याच ठाण्यावर एका तुकडीनं बर्फात बोअर मारायला घेतली होती. अनेक हंगामांच्या खटपटीनंतर १९६६च्या उन्हाळ्यात ती १,३८७ मीटरवर खडकाला टेकली. हिमस्तर वरपासून तळापर्यंत भेदला गेल्याची ही पहिलीच वेळ. बर्फाचे ते दंडगोल, म्हणजे हिमगाभा, सैन्याच्या संशोधन संस्थेत चेस्टर लँगवे यांच्या देखरेखीखाली होते. डान्सगार्डनी त्यांना पत्र लिहून ऑक्सिजन मोजून देण्याची तयारी कळवली, आणि लँगवेंनी होकार दिला.

१९६९ साली निकाल ‘सायन्स’ नियतकालिकात आला. सुमारे एक लाख वर्षांचा आलेख. त्यात हिमयुग होतं आणि त्यानंतरची ऊबही होती. शिवाय हिमयुगाच्या आतल्या भागात रेघ पुन्हा पुन्हा उसळत होती आणि खाली येत होती. हे कोणाच्याच हिशेबात नव्हतं.

त्या उसळ्यांवर विश्वास ठेवायला बहुतेकांनी नकार दिला, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. बर्फ घट्ट दिसला तरी वाहतो. वरच्या ओझ्यानं खालचे थर पातळ होत जातात, तळाशी खडकाच्या उंचसखलपणावरून त्यांची ओढाताण होते. गाभा एकच होता आणि उसळ्या खोल, तळाकडच्या भागात होत्या. हवामानाचा पुरावा आणि बर्फाची वळी यांत फरक कसा करायचा?

उत्तर सोपं आणि महाग होतं: दुसरीकडे बोअर मारा. ग्रीनलंडच्या दक्षिणेला डाय-३ हे अमेरिकी रडार ठाणं होतं, कॅम्प सेंच्युरीपासून सुमारे १,४०० किलोमीटर दूर. डेन्मार्क, अमेरिका आणि स्वित्झर्लंड यांनी मिळून तिथे काम काढलं. निल्स गुंडेस्ट्रुप आणि सिगफुस योन्सेन यांनी नवं ड्रिल घडवलं, ज्याच्या पोटातच बॅटरी आणि नियंत्रणाचं इलेक्ट्रॉनिक्स होतं. ऑगस्ट १९८१ मध्ये ते २,०३७ मीटरवर तळाला पोचलं. आणि उसळ्या तिथेही निघाल्या, त्याच क्रमानं, त्याच आकाराच्या. १,४०० किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी बर्फाला एकसारख्या वळ्या पडणं शक्य नव्हतं. शिवाय बर्न विद्यापीठातल्या हान्स ओश्गर यांनी स्वित्झर्लंडच्या गेर्झनझे तळ्याचा गाळ या आलेखाशेजारी ठेवला, तर हिमयुग सरतानाची उलटापालट दोन्हीकडे जुळली. एक ग्रीनलंडचा बर्फ, एक आल्प्सच्या पायथ्याचा चिखल. या उसळ्यांना आज डान्सगार्ड-ओश्गर घटना म्हणतात.

इथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. डाय-३च्या बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांत ओश्गर यांच्या गटाला कार्बन डायऑक्साइडच्याही झपाट्यानं झालेल्या उड्या दिसल्या. ओश्गरांचं हे व्याख्यान न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेतल्या वॉलेस ब्रोकर यांनी ऐकलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड इतक्या पटकन बदलू शकेल असं एकच भांडार त्यांना माहीत होतं, ते म्हणजे समुद्र. उत्तर अटलांटिकमध्ये खारट, थंड पाणी जड होऊन तळाला जातं आणि त्याच्या जागी दक्षिणेकडून उबदार पाणी ओढलं जातं. हा प्रवाह बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला तर? १९८५ साली ‘नेचर’मध्ये ब्रोकर आणि सहकाऱ्यांनी विचारलं की समुद्र आणि वातावरण मिळून एकाहून अधिक स्थिर अवस्थांत राहू शकतात का. पुढे कार्बन डायऑक्साइडच्या त्या उड्या खोट्या ठरल्या. अंटार्क्टिकाच्या स्वच्छ बर्फात त्या नव्हत्या, ग्रीनलंडच्या धुळकट बर्फातच नंतर तो वायू तयार झाला होता. पण त्यांनी सुचवलेला विचार मात्र टिकला.

हा विचार गणितात आधीच येऊन बसला होता. १९६१ साली हेन्री स्टोमेल या समुद्रशास्त्रज्ञानं दोन टाक्यांचं एक साधं मॉडेल मांडलं होतं. एकीत उबदार आणि खारट पाणी, दुसरीत थंड आणि कमी खारट. दोन्ही वरून-खालून जोडलेल्या. तापमानाचा फरक प्रवाहाला एका बाजूला ढकलतो, खारटपणाचा फरक उलट बाजूला. स्टोमेलना दिसलं की बाहेरची परिस्थिती तीच ठेवली तरी या समीकरणांना दोन स्थिर उत्तरं मिळतात. प्रवाह कोणत्या अवस्थेत जाईल हे तो आधी कुठे होता त्यावर ठरतं. या निबंधाकडे दोन दशकं फारसं कोणी पाहिलं नाही. तो काही काल्पनिक टाक्यांपुरता नव्हता, हे १९८८ साली दिसलं. प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत स्युकुरो मनाबे आणि रोनाल्ड स्टाउफर यांनी समुद्र आणि वातावरण जोडलेलं मोठं संगणकीय मॉडेल वेगवेगळ्या आरंभस्थितींतून चालवलं. एका वेळी अटलांटिकचा प्रवाह सुरू राहिला, दुसऱ्या वेळी बंद, आणि दोन्ही अवस्था आपापल्या जागी टिकून राहिल्या. याच मनाबेंना २०२१ साली भौतिकशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला.

म्हणजे १९८०च्या दशकाअखेरीस बर्फ म्हणत होता की उड्या झाल्या, आणि गणित म्हणत होतं की उड्या होऊ शकतात. वेग किती, हा प्रश्न अजून तसाच होता.

त्यासाठी ग्रीनलंडच्या माथ्यावर जावं लागलं. हिमस्तराचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटरवर आहे. तिथे बर्फ आडवा जवळजवळ सरकत नाही, त्यामुळे थर कमी विस्कटतात. आठ युरोपीय देशांनी मिळून ग्रिप नावाची बोअर तिथे सुरू केली. अमेरिकेची जिस्प-२ तिच्यापासून २८ किलोमीटर पश्चिमेला होती. हे अंतर बर्फाच्या जाडीच्या दहापट, आणि मुद्दाम राखलेलं. दोन्हीकडे जे सारखं दिसेल ते हवामानाचं, जे वेगळं दिसेल ते बर्फाच्या हालचालीचं, असा सौदा होता. ग्रिप जुलै १९९२ मध्ये ३,०२९ मीटरवर थांबली, जिस्प-२ एक वर्षानं ३,०५३ मीटरवर.

माथ्यावर बर्फात खणलेल्या खंदकात गाभ्याच्या तपासणीची रांग मांडली होती. ड्रिलमधून आलेला दंडगोल करवतीनं उभा कापायचा, रंधा मारून त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, खालून उजेड सोडलेल्या टेबलावर ठेवायचा आणि त्यावर वाकून मोजत बसायचं. उन्हाळ्यातला बर्फ भरड दाण्यांचा असतो आणि उजेड वेगळा पाडतो. हिवाळ्यातला बारीक, दाट. एक जोडी म्हणजे एक वर्ष. रिचर्ड अ‍ॅली आणि त्यांचे सहकारी अशी वर्षं हजारोंनी मोजत खाली गेले. जवळच केंड्रिक टेलर यांच्या गटानं दुसरी युक्ती लावली होती. ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावरून दोन विद्युतअग्रं ओढत न्यायची आणि मधून किती वीज वाहते ते बघायचं. स्वच्छ बर्फात किंचित आम्ल असतं, वीज वाहते. थंड, कोरड्या काळात आशियाच्या वाळवंटांतून उडालेली चुनखडीची धूळ ग्रीनलंडपर्यंत पोचते, आम्ल मारते आणि विजेचा प्रवाह घटतो. ड्रायसच्या त्या परतलेल्या थंडीचा शेवट जिथे होता, तिथे काटा एका अवस्थेतून दुसरीत सरळ गेला नाही. तो काही काळ लुकलुकला: धूळ, स्वच्छ, पुन्हा धूळ, पुन्हा स्वच्छ. काही वेळा हा पालट दशकभरातही नव्हे, काही वर्षांत झालेला होता.

१९९३ साली अ‍ॅली यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये लिहिलं की त्या थंडीच्या अखेरीस ग्रीनलंडवर पडणारं हिम दुप्पट झालं, आणि ते बहुधा एक ते तीन वर्षांत. हजारो वर्षांचा अंदाज एकाएकी तीन वर्षांवर आला. पुढे ग्रीनलंडमध्येच नंतर काढलेल्या नॉर्थग्रिप गाभ्यात योर्गेन पेडर स्टेफेनसेन आणि सहकाऱ्यांनी, १४,७०० आणि ११,७०० वर्षांपूर्वीच्या उड्यांत, हिम घेऊन येणाऱ्या वाऱ्यांची घडी एक ते तीन वर्षांत बदलल्याचं २००८ साली दाखवलं. तापमान चढायला दशकं लागली, पण वारे काही वर्षांतच फिरले होते.

तापमान नेमकं किती चढलं, हे जेफ्री सेव्हरिंगहाउस यांनी बुडबुड्यांतून काढलं. पडलेलं हिम दबून बर्फ होईपर्यंत वरच्या कित्येक मीटरांत हवा खेळती असते. वरचा भाग अचानक तापला की खालचा थंड भाग नायट्रोजनचे जड अणू आपल्याकडे ओढतो, आणि ती खूण बुडबुड्यांत बंद होते. त्याच बुडबुड्यात मिथेनही असतो, त्यामुळे दोहोंचा क्रम लावायला वर्षं मोजण्याची गरज उरत नाही. ड्रायस थंडीच्या शेवटी ग्रीनलंड सुमारे दहा अंशांनी तापलं, आणि मिथेन काही दशकांच्या आतच वाढू लागला.

मिथेनचा मुद्दा आपल्याकडे येऊन पोचतो. तो मुख्यतः दलदलींतून निघतो, आणि त्यातल्या मोठ्या दलदली उष्ण कटिबंधात आहेत. म्हणजे ग्रीनलंड तापलं तेव्हा हजारो किलोमीटर दूर पावसाचा पट्टाही हलला होता. १९९८ साली हार्टमुट शुल्त्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या किनाऱ्यालगतच्या अरबी समुद्रातला गाळ तपासला, तेव्हा ग्रीनलंडची एकेक उसळी त्या गाळाच्या रंगात आणि सेंद्रिय द्रव्यात सापडली. ग्रीनलंड उबदार तेव्हा मोसमी वारे जोरकस, समुद्रात पोषण भरपूर; ग्रीनलंड गारठलं की मान्सून मंद. ज्या समुद्रावरून जूनमध्ये पाऊस कोकणात उतरतो, त्याच्याच तळाशी ही नोंद आहे. आज बर्फाचे गाभे वाचण्याचं भारतातलं काम गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात चालतं.

या सगळ्या यशात एक मोठी चूकही झाली. हिमयुगाच्या आधीचा उबदार काळ, साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वीचा, ग्रिपच्या तळाशी होता. त्यातही झपाट्याचे चढउतार दिसले, आणि १९९३च्या जुलैत ते प्रसिद्ध झालं. बातमी धक्कादायक होती. हिमयुग अस्थिर असणं एक, पण आजच्यासारखा, किंबहुना याहून उबदार काळही तसाच अस्थिर? त्याच वर्षाच्या डिसेंबरात पीटर ग्रूट्स आणि सहकाऱ्यांनी दोन्ही गाभे शेजारी ठेवले. सुमारे २,७०० मीटरपर्यंत रेघा एकमेकींवर बसत होत्या. त्याखाली त्या फुटल्या. तळाचा बर्फ घडी घातलेल्या लुगड्यासारखा दुमडला होता. एकच थर दोनदा, कधी उलटा वाचला गेला होता. २८ किलोमीटरचा तो सौदा इथे फळाला आला. स्वतःच्या निष्कर्षाला खोडता येईल अशी सोय ज्यांनी आधीच करून ठेवली, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. नॉर्थग्रिपनं २००३ मध्ये ३,०८५ मीटरवर तळ गाठला आणि त्या उबदार काळाचा उत्तरार्ध न दुमडलेला दिला. तो स्थिर निघाला.

संगणकाच्या बाजूला मात्र पेच वाढत गेला. पॉट्सडॅममध्ये आंद्रे गानोपोल्स्की आणि श्टेफान राह्मस्टॉर्फ यांनी २००१ साली एका सुटसुटीत मॉडेलमध्ये हिमयुगातल्या समुद्राला गोड्या पाण्याचे हलके धक्के दिले, आणि बर्फात दिसतो तसाच आकार उमटला: झटकन ऊब, मग सावकाश उतरण. आजच्या हवामानात तेवढ्याच धक्क्यानं काही झालं नाही. पण मोठी, तपशीलवार मॉडेलं हलता हलत नव्हती. २००९ साली झेंगयू लिऊ आणि सहकाऱ्यांनी हिमयुगाच्या अखेरच्या टप्प्यावर असं मॉडेल महासंगणकावर चालवून १४,७०० वर्षांपूर्वीची उडी घडवून दाखवली. काम थक्क करणारं होतं. तरी गोडं पाणी कधी आणि किती ओतायचं हे माणसांनी बाहेरून ठरवलं होतं, आणि म्हणून मला त्यात पुरावा कमी, शक्यता जास्त दिसते. २०११ साली ब्रिस्टलच्या पॉल वाल्डेस यांनी ही शंका उघड मांडली: आपली मॉडेलं गरजेपेक्षा जास्त स्थिर बांधली गेली असावीत. आजचं हवामान नीट यावं म्हणून त्यांची जुळवाजुळव होते, आणि आजचं हवामान शांत आहे.

त्यानंतर वारा थोडा बदलला. २०१४ साली टोरोंटोच्या रिचर्ड पेल्टियर आणि ग्वीदो व्हेतोरेत्ती यांच्या मॉडेलमध्ये हिमयुगाच्या परिस्थितीत उड्या आपोआप होऊ लागल्या, कोणी पाणी न ओतता. समुद्राचा मीठसाठा, समुद्रावरचा बर्फ आणि खालचं तापणारं पाणी यांच्या आपसातल्या ओढीतून प्रवाह थांबत होता आणि सुटत होता. इतर गटांनाही पुढे तसंच सापडलं. दक्षिण ध्रुवानंही साक्ष दिली. ग्रीनलंड गारठतं तेव्हा अंटार्क्टिका हळूहळू तापतं, कारण उत्तरेला न गेलेली उष्णता दक्षिणेत साठते. सिगफुस योन्सेन आणि थॉमस स्टॉकर यांनी २००३ साली याचं नेमकं गणित मांडलं. २०१५ साली पश्चिम अंटार्क्टिकाच्या गाभ्यातून दिसलं की उत्तरेतल्या उडीनंतर दक्षिण फिरायला सुमारे २०० वर्षं लागतात. ही दिरंगाई समुद्राची आहे; वातावरणानं निरोप पोचवला असता तर तो काही वर्षांतच पोचला असता.

आजच्या प्रश्नाला या सगळ्यातून थेट उत्तर निघत नाही. मागचा उबदार काळ स्थिर होता, हा दिलासा आहे. पण ८,२०० वर्षांपूर्वी, म्हणजे हिमयुग संपून गेल्यावर, कॅनडातलं अगासिझ हे हिमवितळीचं प्रचंड सरोवर हडसन उपसागरातून समुद्रात रिकामं झालं, आणि ग्रीनलंड दीडेक शतकं पुन्हा गारठलं. गोडं पाणी पुरेसं असेल तर उबदार काळातही प्रवाहाला धक्का बसतो. उत्तर अटलांटिकच्या काठी आज गोड्या पाण्याचा सर्वांत मोठा साठा खुद्द ग्रीनलंडचा हिमस्तर आहे, आणि उपग्रहांच्या मोजणीनुसार २००२ पासून तो वर्षाला सरासरी २५० अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावतो आहे. अटलांटिकचा प्रवाह २६.५ अंश उत्तरेवर २००४ पासून दोराला लावलेल्या उपकरणांनी सतत मोजला जातो. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामानबदल समितीच्या २०२१च्या अहवालानं म्हटलं की या शतकात तो मंदावेल, पण २१००पूर्वी अचानक कोसळणार नाही, आणि हे विधान मध्यम विश्वासानिशी केलं. आधीच्या अहवालांतली खात्री याहून चढी होती. ती उतरवण्यात मॉडेलांच्या त्या जादा स्थैर्याच्या शंकेचा वाटा आहे, आणि शंका दाबून ठेवण्यापेक्षा ती अशी आकड्यांत नोंदवणं मला अधिक सचोटीचं वाटतं.

पुढचा बर्फ अंटार्क्टिकातून येतो आहे. लिटल डोम सी इथे युरोपीय तुकडीनं जानेवारी २०२५ मध्ये २,८०० मीटर खोल खडक गाठला. त्या गाभ्यात किमान १२ लाख वर्षांची नोंद आहे. हिमयुगांची चाल साधारण दहा लाख वर्षांपूर्वी ४० हजारांवरून लाख वर्षांवर का गेली, हा त्याला विचारायचा पहिला प्रश्न. त्या काळातही उत्तरेत उड्या होत होत्या का, हे त्यातल्या मिथेनवरून दिसेल, आणि मग मॉडेलं चालवणाऱ्यांना तो आलेख आपल्या यंत्रातून काढून दाखवावा लागेल.